पितृपक्षातले पंधरा दिवस आणि सोलापूरच्या लॉजमधली शिकवणी

अक्कलकोटला गुरुवारी गर्दी. तुळजापूरला मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला. पंढरपूरला एकादशी, गाणगापूरला पौर्णिमा. या ठिकाणी जाणारी पुष्कळ माणसं सोलापुरात उतरतात, एखादी रात्र इथं काढतात आणि पहाटे पुढची गाडी धरतात. म्हणून आपल्याकडच्या लॉजचा आठवडा शनिवार-रविवारपेक्षा तिथीवर जास्त चालतो. कामाचा तक्ता लावताना मात्र समोर पंचांग घेऊन बसणारा मालक विरळाच. मग चतुर्दशीला रूमबॉयला सुट्टी दिलेली असते आणि पौर्णिमेला एकटा पोरगा अठरा खोल्या काढत असतो.

‘माणसं मिळत नाहीत’ हे वाक्य स्टेशन रोडपासून पंढरपूरच्या भक्तनिवासांपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. माझं मत वेगळं आहे. माणसं येतात, पण त्यांना काम कुणी शिकवत नाही. पहिल्या दिवशी हातात बादली देऊन ‘त्याच्याबरोबर फिर, कळेल’ असं सांगितलं जातं. ज्याच्याबरोबर तो फिरतो, तोही असाच शिकलेला असतो. आठवडाभर शिव्या खाऊन पोरगा पुण्याची गाडी पकडतो. संस्थांमधलं शिक्षण चांगलं असलं तरी ते मोठ्या शहरांतल्या तारांकित हॉटेलांसाठी बेतलेलं आहे. आपला पाहुणा म्हणजे चार खाटांच्या खोलीत राहणारं सहा जणांचं कुटुंब. त्यात दोन वयस्कर माणसं, एकाचे गुडघे दुखणारे, आणि सगळ्यांना पहाटे चारला गरम पाणी हवं. प्रशिक्षण या पाहुण्यापासून सुरू व्हायला हवं.

ते कधी घ्यायचं, याचं उत्तरही पंचांगातच आहे. गणपती उठले की पितृपक्ष लागतो. लग्नकार्यं बंद, समारंभ बंद, त्यामुळे केटरिंगकडे पळणारे आचारी-वाढपीही मोकळे असतात. अमावस्या झाली की दुसऱ्या दिवशी घटस्थापना, मग तुळजापूरचं नवरात्र, पाठोपाठ कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ, दिवाळीच्या सुट्ट्या, कार्तिकी. इतक्या लांब सीझनच्या तोंडावर पंधरा रिकामे दिवस वर्षात दुसरीकडे सापडत नाहीत. दुपारी दोन ते तीन, चेक-आउटची गडबड ओसरल्यावर, रोज एक तास पुरतो. एका वेळी पाच-सहाच माणसं घ्यावीत आणि वर्ग रिकाम्या खोलीत किंवा स्वयंपाकघरातच भरवावा.

शिकवण्याची रीत साधी ठेवावी. आधी काम न बोलता करून दाखवायचं. मग तेच पुन्हा करताना प्रत्येक पायरी आणि तिचं कारण सांगायचं. तिसऱ्या वेळी शिकणाऱ्यानं पायऱ्या तोंडानं सांगायच्या आणि शिकवणाऱ्यानं त्याच्या सांगण्याप्रमाणे हात चालवायचे. इथंच कळतं की त्याला काय उमगलं आणि काय नाही. चौथ्या वेळी काम त्याच्या हाती. तिसरी पायरी वगळणारे बरेच असतात, आणि पुढे चुका नेमक्या तिथूनच निघतात.

खोलीच्या कामात सगळ्यात महत्त्वाचा आहे क्रम. दार तीनदा वाजवायचं, ‘हाऊसकीपिंग’ असा आवाज द्यायचा, थांबायचं, मग उघडायचं. आत गेल्यावर आधी खिडकी आणि पंखा, मग विसरलेल्या वस्तूंवर नजर. गादीखाली, उशीच्या अभ्र्यात आणि बाथरूमच्या खुंटीवर हमखास काहीतरी राहतं. सापडलेली वस्तू तारीख, वेळ आणि खोली क्रमांकासह काउंटरच्या वहीत लिहायची. त्यानंतर थेट संडासात जाऊन क्लीनर टाकायचा आणि बाहेर यायचं. त्याला निदान दहा मिनिटं हवीत. तेवढ्यात चादरी काढून नवीन घालता येतात. टाकलं की लगेच घासायचं, या सवयीमुळे औषध दुप्पट जातं आणि डाग तसाच राहतो. नंतर वरून खाली धूळ पुसायची, बाथरूम घासून धुऊन कोरडं करायचं आणि शेवटी आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे फरशी पुसत बाहेर पडायचं. नवख्याला पहिल्या आठवड्यात एका खोलीला तास लागला तरी घाई करू नये. क्रम अंगवळणी पडला की दोन खाटांची खोली तिसऱ्या आठवड्यापर्यंत ३५ ते ४० मिनिटांवर येते. आधी वेग मागितला तर क्रम कायमचा बिघडतो.

फडक्यांचे रंग ठरवून ठेवा: लाल संडासाला, पिवळं बेसिन आणि नळांना, निळं टेबल-कपाटाला, हिरवं स्वयंपाकघराला. सोलापुरात यासाठी वेगळा खर्च नको. टॉवेल कारखान्यांतला सेकंडचा माल स्वस्तात मिळतो. तो कापून कडेला रंगीत दोऱ्यानं शिलाई मारली की झालं काम.

आता पाणी. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर. बोअरचं पाणी जड. नळांवर पांढरा थर धरतो, शॉवरची भोकं बुजतात, पांढऱ्या चादरी सहा महिन्यांत मळकट दिसू लागतात. पाहुण्याला ती अस्वच्छता वाटते, आणि त्याचं काही चुकत नाही. यावर दोन गोष्टी शिकवायच्या. पहिली, बाथरूम धुतल्यावर नळ, आरसा आणि टाइल्स कोरड्या फडक्यानं पुसून काढायच्या. पाणी वाळण्याआधी टिपलं तर क्षार मागे राहत नाहीत. या एका सवयीनं ॲसिडची गरज निम्म्यावर येते. दुसरी, साचलेल्या थरावर लिंबूसत्त्वाचं पाणी किंवा व्हिनेगर भिजवलेलं फडकं गुंडाळून अर्धा तास ठेवायचं, मग मऊ ब्रशनं घासायचं. बाजारातलं टाइल्स ॲसिड नळांचं क्रोम खातं, टाइल्समधला सिमेंटचा सांधा पोखरतं. आणि आपल्याकडे ज्या जुन्या लॉजमध्ये शहाबादी फरशी आहे तिथं तर कोणतंच आम्ल नको, लिंबूसत्त्वसुद्धा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. आम्ल पडलं की फेस येतो, पॉलिश जातं, फरशी खडबडीत होते आणि मग मळ तिच्यात कायमचा बसतो. तिथं साधा पातळ साबण आणि भरपूर पाणी.

एक गोष्ट पंधराही दिवस रोज सांगितली तरी चालेल. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचा ॲसिडवाला क्लीनर एकत्र करायचे नाहीत, एकामागोमाग एक एकाच भांड्यात ओतायचेही नाहीत. दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. लॉजची बाथरूम चार बाय सहाची, खिडकी वीतभर. ‘दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होतं’ या समजुतीनं हे घडतं. डोळे चुरचुरले, घसा आवळला की सगळं तिथंच सोडून बाहेर मोकळ्या हवेत यायचं, इतरांना आत जाऊ द्यायचं नाही आणि त्रास थांबला नाही तर दवाखाना गाठायचा. दोन बाटल्या दोन वेगळ्या कपाटांत ठेवल्या तर निम्मा धोका तिथंच टळतो. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत औषध भरून ठेवणं तर पूर्ण बंद.

चादरींचे किमान तीन संच लागतात: एक खाटेवर, एक धुण्यात, एक कपाटात. पाणी रोज न येणाऱ्या गावात चौथा संच हवाच, नाहीतर कोरड्या दिवशी धुणं अडतं आणि वापरलेली चादर झटकून परत घातली जाते. प्रसिद्ध सोलापुरी चादर पांघरायला उत्तम, पण ती जाड आणि जड, दर पाहुण्यामागे धुणं होत नाही. त्यामुळे तिच्या आत एक पातळ पांढरी चादर पांघरायला द्यावी, म्हणजे अंगाला लागणारं कापड रोज धुतलेलं असेल. नवे टेरी टॉवेल वापरण्याआधी दोन-तीनदा धुवावेत. कारखान्यातलं फिनिशिंग निघेपर्यंत ते पाणी शोषत नाहीत. सॉफ्टनर टॉवेलला लावायचाच नाही, त्याचा थर बसला की टॉवेल अंगावरून नुसता घसरतो. जड पाण्यात वडीच्या साबणाचा साका होतो म्हणून डिटर्जंट वापरायचं, सोबत थोडा धुण्याचा सोडा, आणि खळबळून काढायचं पाणी एकानं जास्त.

ढेकणांबद्दल उघड बोललं पाहिजे. यात्रेकरूंच्या सामानासोबत ते गावोगाव फिरतात, त्यात लॉजची बदनामी मानायचं कारण नाही. लपवलं तर मात्र आहे. चादर बदलताना गादीच्या शिवणीवर, खाटेच्या सांध्यात, भिंतीच्या भेगेत बॉलपेनच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात का ते पाहायला शिकवा. दिसले तर कापड झटकायचं नाही, तिथंच पिशवीत बांधून साठ अंश गरम पाण्यात धुवायला पाठवायचं. खोली बंद करायची आणि दोन्ही बाजूंच्या, वरच्या-खालच्या खोल्या तपासायच्या. एका फवाऱ्यानं अंडी मरत नाहीत, दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी लागतेच. गादी उन्हात टाकून भागेल असं धरू नये. ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. आणि ज्या मुलानं ठिपके शोधून सांगितले, त्याला ओरडू नका. एकदा ओरडा बसला की पुढच्या वेळी तो गप्प राहील.

स्वयंपाकघरात सोलापूरची सगळ्यात मोठी अडचण आहे ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो आणि भट्टीजवळ त्याहून जास्त. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की जंतू वाढतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेलं प्रत्येक पातेलं या पट्ट्यात असतं. सुईचा थर्मामीटर विकत घ्या आणि आचाऱ्याला वापरायला शिकवा. वाढायचं अन्न ६० च्या वर. उरलेलं ठेवायचं असेल तर दोन तासांत २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर आणायचं. मोठ्या पातेल्यात हे कधीच होत नाही. वर हात लावला तर गार, मध्ये मात्र रात्रभर कोमट. दोन-तीन इंच खोलीच्या परातीत पसरून, खाली बर्फाचं पाणी ठेवून मग फ्रिजमध्ये. पुन्हा गरम करताना आतपर्यंत ७५ अंश, तेही एकदाच. भाताची विशेष काळजी, कारण त्यातले काही जंतू शिजवूनही टिकतात आणि त्यांचं विष परत गरम केल्यानं जात नाही.

एकादशीची गाठ भगरीशी आहे. उपवासाच्या दिवशी भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात. कारण बहुधा एकच: दमट जागी साठवलेली, बुरशी धरलेली भगर किंवा सुटं विकलेलं भगरीचं पीठ. स्वयंपाक्याला तीन नियम द्या. बंद पाकिटातली, तारीख पाहून घेतलेली अख्खी भगर. निवडून, धुऊन, त्याच वेळी शिजवलेली. उरलेली फेकायची. शेंगदाण्याचंही तसंच. शेंगा चटणी कोरडी असल्यानं टिकते, पण दाण्यांतच काळे, सुरकुतलेले, कुबट वासाचे असतील तर भाजून उपयोग नाही. बुरशीचं विष भाजण्यानं पूर्ण नष्ट होत नाही. दाणे भाजण्याआधी परातीत पसरून निवडणं हे चटणीतलं मुख्य कौशल्य मानावं.

इथं मुंबई-सोलापूर वंदे भारतचा विचार आलाच. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली ही गाडी रात्री साडेदहानंतर सोलापुरात पोचते आणि सकाळी सहाच्या सुमारास सुटते. पाहुणा अकराला दारात उभा राहतो तेव्हा स्वयंपाकघर झाकलेलं असतं, आणि पहाटे पाचला निघतो तेव्हा उघडलेलं नसतं. रात्रीच्या काउंटरवरच्या माणसाला पिठलं आणि दहीभात एवढं करता आलं तरी पुष्कळ. पहाटेसाठी कडक भाकरी, शेंगा चटणी आणि गुळाचा डबा रात्रीच बांधून ठेवता येतो, उन्हाळ्यातही तो प्रवासात तग धरतो. हे बनवणाऱ्या बायका शहरात गल्लोगल्ली आहेत. त्यांना भाकरी शिकवायला जाऊ नये, त्या आपल्याला शिकवतील. त्यांना द्यायचं ते शिक्षण वजनाचं, पॅकिंगचं आणि लेबलचं: घटक, निव्वळ वजन, पॅक केल्याची तारीख, किती दिवसांत खावं, अन्न परवाना क्रमांक, आणि ‘यात शेंगदाणा आहे’ ही ठळक सूचना. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसासाठी ती ओळ जिवाची आहे.

काउंटरवर सोलापूरला जन्मजात फायदा आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी-दख्खनी या भाषा इथल्या पोरांना गल्लीतच मिळतात. भरती करताना ‘घरी काय बोलता?’ हे विचारा आणि उत्तर बिल्ल्यावर लिहा. कलबुर्गीहून आलेल्या आजींना समोरच्यानं कन्नडमध्ये ‘बन्नी’ (या) म्हटलं की अर्धं काम तिथंच होतं. त्याशिवाय मंदिराच्या आरतीच्या वेळा, दर्शनाची व्यवस्था, बसच्या वेळा आणि रिक्षाचं वाजवी भाडं यांचं एक कार्ड काउंटरवर असावं, दर महिन्याच्या एक तारखेला तपासलेलं. खोली देण्याआधी ‘जिना चढायला कुणाला त्रास आहे का?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी. एकटी बाई आली तर खोली क्रमांक मोठ्यानं उच्चारायचा नाही, लिहून किल्लीसोबत द्यायचा. परदेशी पाहुण्याची ऑनलाइन नोंद २४ तासांत, आणि हे काम रात्रपाळीलाही यायला हवं.

वाटाड्यांबद्दल थोडं, कारण इथं खूप काही करता येण्यासारखं आहे. सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथं ३५९ मुखांचं शिवलिंग आहे आणि शके ९४० चा मराठी शिलालेख. शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे १०१८. हे गणित वाटाड्याला तोंडपाठ हवं, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. लेखाची अक्षरं समोरून टॉर्च मारला तर दिसत नाहीत. टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरला की खाचांत सावली पडते आणि ‘वाचेल तो विजयी होईल’ या आशयाची ओळ अक्षराअक्षरानं वाचून दाखवता येते. खडू, कुंकू, तेल, पाणी काहीही अक्षरांना लावू द्यायचं नाही. बोलताना स्वतः उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. आणि ‘लेखात असं लिहिलं आहे’ व ‘लोक असं सांगतात’ ही दोन वाक्यं कायम वेगळी ठेवायची. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या कथा सांगतानाही हीच शिस्त. श्रद्धेला त्यानं धक्का लागत नाही, उलट ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात, माळावर, नियम आणखी कडक: मळकट रंगाचे कपडे, गाडीतून न उतरणं, काळवीट मान वर करून पाहू लागलं की तिथंच थांबणं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर होडी चालवणाऱ्या मच्छीमारांना पाणी आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना पटवायचं ते इतकंच की रोहित पक्ष्यांचा थवा उडवून फोटो काढून दिला तर थवा जागा सोडतो, आणि माणशी एक लाइफ जॅकेट अंगात घातलेलं हवं, बाकाखाली ठेवलेलं चालत नाही.

चालकांसाठी एवढंच: गाणगापूर आणि विजयपूर कर्नाटकात आहेत. गाडीचं ऑल इंडिया टुरिस्ट परमिट, विमा आणि स्वतःचा बॅज निघण्याआधी तपासावा. एका दिवसात अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर आणि रात्री पंढरपूर असा बेत पाहुणा सांगेल, तेव्हा नाही म्हणायला शिकवणं हे मालकाचं काम आहे.

हे सगळं शिकणार कोण? पोरं तर आहेतच, पण कुंभारी आणि शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांकडे लॉजमालकांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं. बोटांचा वेग, मोजून काम करायची सवय आणि दिवसाकाठचा हिशेब ठेवणं, हे तिन्ही त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. त्या येतील आणि टिकतील त्या चार अटींवर: सकाळी नऊ ते पाच अशी ठरलेली वेळ, जाण्यायेण्याची सोय, कपडे बदलायला कडीची खोली आणि वेगळं स्वच्छतागृह. सुरुवातीला त्यांना दोघी-दोघींच्या जोडीनं खोल्यांवर पाठवावं. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती कायद्यानंच बंधनकारक आहे. तिची माहिती पहिल्याच दिवशी द्यावी.

प्रमाणपत्रं नंतर. जुन्या आचाऱ्यांसाठी पूर्वानुभवाला मान्यता देणारी परीक्षा आहे, अन्नसुरक्षेचं फॉस्टॅक प्रशिक्षण आहे, वाटाड्यांसाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. चार किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेता येतात आणि त्यांच्या विद्यावेतनाचा काही भाग केंद्राकडून मिळतो. छोट्या लॉजना हे ठाऊकच नसतं.

अमावस्येच्या दिवशी मालकानं स्वतः तीन खोल्या निवडाव्यात आणि पांढरा रुमाल घेऊन फिरावं: दाराच्या चौकटीची वरची कड, खाटेची मागची बाजू, संडासाच्या भांड्याची आतली कड, नळाचा खालचा भाग. जे राहिलं ते त्या मुलासमोर, त्याच खोलीत, शांतपणे दाखवावं आणि पुन्हा करून घ्यावं. टिपेची पेटी काउंटरवर ठेवून ती दर पंधरवड्याला सगळ्यांसमोर उघडावी आणि खोल्यांच्या संख्येप्रमाणे वाटावी. सुट्टीचा तक्ता कार्तिकीपर्यंतच्या तिथ्या पाहून भिंतीवर लावावा, आणि पौर्णिमा-एकादशीची भरपाई सुट्टी कुणाला कधी, ते त्यावरच लिहावं.